बाईसाहेब, घोडा तयार आहे

मी ठार बहिरी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या पाठीमागून बोलण्यात तुमचा वेळ जायला नको. समोर असाल तर मात्र जपून बोला. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कोणी माझ्या टोप्यांना नावं ठेवली, तरी ती मला अलीकडे दिसतात. डोबिन्स बेंडमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ माझं बायकांच्या टोप्यांचं दुकान आहे. ओहायो नदीच्या या वळणावर कोणाचं कोणाशी काय चाललंय हे पाद्र्याच्या आधी मला कळतं. मी ते कोणाला सांगत नाही. म्हणजे, आता सांगत नाही. एकदा या तोंडाने माझ्याच भावाच्या पोटावर पाय आणला होता, तेव्हापासून कानाला खडा.

मी नऊ वर्षांची असताना तांबडा ताप आला आणि जाताना माझे कान घेऊन गेला. बोलणं तेवढं राहिलं. "ते कोणाच्या बापाला नेता येणार नाही," असं आमचे बाबा म्हणायचे. धाकटा भाऊ लेम तेव्हा वर्षाचा होता. त्याचं रडणं मी ऐकलंय, बोलणं कधीच नाही. आईला शंभर कामं, म्हणून तिने तो माझ्या मांडीवर टाकला. त्यामुळे झालं काय, की पोरगं बोलायला शिकलं तेच माझ्या तोंडाकडे बघत. काही सांगायचं असलं की आधी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायचा, मग बोलायचा. मला नाही कळलं तर करून दाखवायचा. कोंबडी अंड्यावरून कशी उठली, शेजारची लठ्ठ बाई चर्चच्या पायऱ्या कशी चढली, पाद्रीबुवांना प्रवचनात शिंक कशी आली, सगळं गाव त्याने मला स्वयंपाकघरात करून दाखवलं. पुढे लोक विचारायचे, लेम टॅकेट अभिनय कुठे शिकला? आमच्या चुलीपुढे शिकला, दुसरं कुठे!

बाबा म्हणजे एनस टॅकेट, गावचे लोहार आणि चर्चच्या पंचांतले एक. त्यांना सगळे ब्रदर टॅकेट म्हणत. माणूस सरळ, पण स्वभाव ऐरणीसारखा. गिऱ्हाईक भट्टीच्या दाराशी येऊन काही सांगू लागलं की हे आधी खेकसायचे, "उजेडात उभा राहून बोल!" लोक म्हणायचे, ब्रदर टॅकेटला फार ताठा. आम्हीही तेच समजायचो. नाटकवाल्यांबद्दल त्यांचं मत काय होतं ते मी इथे लिहीत नाही, चर्चमधल्या बायका हे वाचतील.

एकोणीसशे तीन साली तंबूतली एक नाटक कंपनी गावात आली आणि परत जाताना लेमला घेऊन गेली. एकोणीस वर्षांचं पोर. रात्री हातोडा जागेवर ठेवला आणि सकाळी हा घरात नव्हता. दोन वर्षांनी हिवाळ्यात आई गेली. मी त्या कंपनीच्या नावाने पत्र टाकलं, तर कंपनी केंटकीत बुडालेली. पत्र जसंच्या तसं परत आलं. बाबांनी माती द्यायचं थांबवून चार दिवस त्याची वाट पाहिली. जमीन गोठलेली होती, ती फोडायला स्वतः कुदळ घेतली. आईवर माती लोटून झाल्यावर ते मला म्हणाले, "मला मुलगा नाही. घरात पुन्हा नाव काढायचं नाही." त्यांचं तोंड त्या दिवशी इतकं स्पष्ट हललं की मला आजही ते दिसतं.

आता रीमरचं सांगते. गुस्ताव रीमर आमचा खाटीक. एकोणीसशे दहा साली त्याने डुकरं कापणं सोडलं, दुकानात बाकं टाकली, भिंतीला चादर ठोकली आणि पाच सेंटात हलती चित्रं दाखवू लागला. मांसाच्या मसाल्याचा वास काही त्या जागेतून गेला नाही. लोक म्हणायचे, चित्र बघून भूक लागते. पहिल्या आठवड्यातच मी गेले, तिसऱ्या बाकावर बसले, दिवा मालवला, आणि काय सांगू तुम्हाला! सगळं गाव बहिरं झालं आणि ऐकणारी मी एकटी!

कारण असं, की ही चित्रातली माणसं तोंडाने काहीही बडबडायची. कॅमेऱ्याला कान नाहीत एवढंच त्यांना माहीत. आमच्यासारख्यांना डोळे आहेत, हे कोणाच्या गावीही नव्हतं. निम्मं दिसतं, निम्मं ताडायचं, पण पंचवीस वर्षांची सवय होती मला. पडद्यावर नायक गुडघ्यावर बसून नायिकेचा हात धरतो, पुढे पाटी येते, 'प्रिये, तुझ्यावाचून जगणे अशक्य.' आणि तोंडाने तो म्हणत असतो, "माझ्या बोटांवरनं पाय काढ, म्हशी." ती छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "कांदा खाऊन आलास ना? परत जवळ येऊ नकोस." मी फिस्सकन हसले. मला वाटलं हळूच हसले. बहिऱ्या माणसाला आपलं हसणं केवढं मोठं ते कळत नाही.

रीमर धावत आला. "मिस ओडी, अहो, हा करुण प्रसंग आहे!"

"मग त्या बाईला सांगा," मी म्हटलं, "ती जेवणाची सुट्टी कधी होणार ते विचारतेय."

झालं! पुढच्या खेळाला माझ्या आजूबाजूच्या जागांसाठी भांडणं लागली. मी वाचायचे, शेजारचा मागच्याला सांगायचा, आणि करुण प्रसंगाला अख्खं दुकान पोट धरून हसायचं. रीमर आठ दिवस रुसला. मग त्याने गल्ला पाहिला आणि माझ्या जागेवर उशी आणून ठेवली. पैसे घेईना. म्हणाला, "मिस ओडी, तुम्ही म्हणजे माझं दुसरं यंत्र." लोक माझ्या वाचनावर बायबलवर ठेवावा तसा विश्वास ठेवायचे, आणि खरं सांगते, मी कधी एक शब्द पदरचा घातला नाही. जे दिसेल ते, जसंच्या तसं. तोच माझा तोरा होता.

त्याच ऑक्टोबरात घोडेचोराचं एक चित्र आलं. चोराला दाढी, गळ्यात फास, बाजूला घोळका. तो मान वर करून सरळ माझ्याकडे बघतो. डावा ओठ जरासा खाली ओढतो आणि म्हणतो, "ओडी, तू बघतेस का गं कुठे? मी बरा आहे. जेवतो नीट."

मी उभीच राहिले. दाढी खोटी, केस खोटे, पण तो ओठ? माझ्या नावाआधी तो ओठ खाली ओढणारा जगात एकच माणूस होता. "लेम!" मी ओरडले, आणि तेवढ्यात त्यांनी त्याला फाशी दिली.

सात वर्षं! बरा आहे, जेवतोय, आणि मी बघेन न बघेन, कुठेतरी अंधारात बसलेली असेन एवढ्या भरवशावर बोलतोय. मी रडले ते देवाचे आभार मानत रडले. लोक विचारत होते, चोर काय म्हणाला, काय म्हणाला? पहिल्यांदाच मी काही वाचून दाखवलं नाही. फक्त रीमरला सांगितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

तेव्हा चित्रात नटांची नावं देत नसत. रीमरने फिल्मचा डबा आणून दाखवला. त्यावर सूर्यफुलाचा छाप आणि न्यू जर्सीचा पत्ता.

"पण पत्रावर नाव काय घालणार?" रीमर म्हणाला. "त्याने नाव बदललं असलं तर?"

"नाव कशाला हवंय?" मी लिहिलं, 'ज्यास आपण घोडेचोर म्हणून फाशी दिलीत, त्यास द्यावे.' आत आई गेल्याचं लिहिलं. ते लिहिताना तीन कागद फुकट गेले.

सात आठवडे गेले. मग एका चित्रात नायक आणि खलनायक दारूच्या गुत्त्यात भांडत होते, आणि मागे गुत्तेवाला फळी पुसत होता. फळी पुसता पुसता तो थांबला. पत्र पोचलं, हे मला त्याच्या खांद्यांवरूनच कळलं. तो कॅमेऱ्याकडे वळला, डोळ्यांतून धारा, आणि म्हणाला, "आई गेली आणि मी तिथे नव्हतो. मला ठाऊक नव्हतं गं ओडी. बाबांना विचार, मी घरी येऊ का?"

पुढचं भांडण कोणी बघितलंच नाही. या वेळी मी वाचून दाखवलं. मला राहवलंच नाही. बायकांनी पदर, म्हणजे आमच्याकडे ॲप्रन, डोळ्यांना लावले. तीस वर्षं डुकरं कापलेला रीमर चादरीच्या बाजूला उभा राहून मुलासारखा रडत होता. त्यानंतर चार दिवसांनी पत्र आलं, दोन ओळींचं. लेमला लिहिणं म्हणजे दाढ उपटून घेणं. 'ओडी, पत्र मिळालं. मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. पडद्यावर बघत जा.'

मग मी लिहायचे आणि तो पडद्यावरून उत्तर द्यायचा. कंपनी आठवड्याला एक चित्र काढायची आणि लेम सगळ्यांत असायचा. शेरीफ झाला, भिकारी झाला, बोटीचा कप्तान झाला. "पाठवलेले मोजे मिळाले." "दाताचं बरं आहे." आणि प्रत्येक चित्रात शेवटी एकच, "विचारलंस?" एकदा तो प्रेत होऊन पडला होता, तर डोळे मिटलेल्या त्या प्रेतानेही ओठ हलवले, "विचारलंस का गं?"

विचारलं की! बीन्स आणि मक्याची भाकरी ताटात होती. मी म्हटलं, "बाबा, लेम घरी येऊ का विचारतोय." बाबा ताट उचलून भट्टीत जाऊन जेवले. महिन्याने पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "ज्याला विचारायचंय त्याने माझ्यासमोर विचारावं. चादरीवरनं कसलं विचारतो!" मी म्हटलं, "तुम्ही दार उघडल्याशिवाय तो समोर कसा येईल?" एक ये म्हणत नव्हता, दुसरा ये म्हटल्याशिवाय येत नव्हता. दोघेही एकाच मातीचे, आणि मधल्या मधे मी.

असं दीड वर्ष गेलं, आणि मग मी माती खाल्ली.

जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा एक माणूस रीमरकडे आला. त्याने माझा फोटो काढला. मी माझी सगळ्यांत चांगली टोपी घातली होती, तिच्यावर तितराची पिसं होती. 'बोलक्या डोळ्यांची मिस टॅकेट' वगैरे मथळा. त्याने गोड बोलून विचारलं आणि मी फुशारकीत सगळं सांगून बसले, कोणती नायिका प्रेमाच्या प्रसंगात काय काय शिव्या देते ते. सूर्यफूल कंपनीची ती नायिका म्हणजे तेव्हा देशाची लाडकी, घरोघरी तिची चित्रं लावलेली. त्याच सुमारास बहिऱ्यांच्या शाळांतल्या मास्तरणींनीही कंपन्यांना तक्रारी लिहिल्या, म्हणे आमच्या मुलांनी हे काय वाचायचं? पण आगीत तेल माझं.

गुरुवारी लेमचं पत्र आलं. त्याचं आयुष्यातलं सगळ्यांत लांब पत्र.

'ओडी, तोंडाला कुलूप लागलं. आता लिहून दिलेलं तेवढंच बोलायचं. समोर एक माणूस कागद घेऊन उभा असतो, एक शब्द इकडचा तिकडे झाला की काम गेलं. पुढच्या महिन्यात मला कंपनी कॅलिफोर्नियाला नेते आहे. तिथून घर फार लांब. बाबा नको म्हणाले असतील तर तसं सांग. मी पुन्हा विचारणार नाही.'

माझ्यामुळे, हे त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. तेच मला जास्त लागलं. पत्र ॲप्रनच्या खिशात घालून मी दोन दिवस रिबिनी गुंडाळत बसले. तो आता विचारू शकणार नव्हता, आणि त्याने विचारल्याशिवाय बाबा ये म्हणणार नव्हते.

शनिवारी भट्टीवर एक शेतकरी घोड्याला नाल मारायला आला होता. त्याने बाबांना सांगितलं की, ब्रदर टॅकेट, तुमचा लेम आईसाठी रडला ना, त्या दिवसापासून माझी बायको आपल्या पोराशी भांडली की आधी तिलाच रडू फुटतं. हे मला शेतकऱ्यानेच नंतर सांगितलं. दुपारी ते माझ्या दुकानात आले, अंगात चर्चचा कोट, डोक्यावर काळी टोपी.

"त्या खाटकाकडे आज तो आहे का?"

"आहे, बाबा."

"मग चल. विचारू दे त्याला माझ्यासमोर."

हात खिशातल्या पत्रावर होता माझा. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर हे पाऊल मागे फिरलं असतं आणि पुन्हा कधी उचललं गेलं नसतं. मी पिना ठेवल्या, दुकानाला कडी घातली आणि निघाले.

रीमरने आम्हाला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. धावत जाऊन घरातली खुर्ची आणली, सगळ्यांत पुढे ठेवली. बाबा बसले. टोपी काढली नाही. त्यांच्या मते हे चर्चही नव्हतं आणि कोणाचं घरही नव्हतं. मागून बाकं भरली. सगळं गाव चित्र सोडून आमच्या पाठींकडे बघत होतं, मला ते मानेवर कळत होतं.

चित्रात कोणी एक श्रीमंत बाई आणि तिचा किल्ल्यासारखा बंगला. लेम तिचा मोतद्दार. पहिल्यांदा आला, लगाम हातात, वाकून म्हणाला, "बाईसाहेब, घोडा तयार आहे." एवढंच. बाबा पुढे सरकून बसले. मी मनात म्हटलं, लेम, एवढं एकदाच. गेली नोकरी तर जाऊ दे, टोप्या करू आपण दोघं! दुसऱ्यांदा आला, "बाईसाहेब, घोडा तयार आहे." तिसऱ्यांदा तो आला तेव्हा कॅमेऱ्याकडे बघितलं त्याने. डावा ओठ खाली ओढला. मग त्याची नजर जराशी बाजूला गेली, तिथे तो कागदवाला उभा असणार, आणि ओठ जागेवर आला. "बाईसाहेब, घोडा तयार आहे."

बाबांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "काय म्हणतोय?"

पुढचे मागचे सगळे माझ्याकडे वळले. माझं वाचन कधी चुकलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "म्हणतोय, बाबा, चुकलो. मी घरी येऊ का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. चादरीचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. मग ते उभे राहिले, आणि त्यांची टोपीसकट सावली चादरीवर पडली, लेमच्या आणि घोड्याच्या शेजारी. एरवी पुढे कोणी उभं राहिलं तर मागून भुईमुगाची टरफलं यायची. त्या दिवशी एक टरफल आलं नाही. बाबा माझ्याकडे वळले, मला तोंड नीट दिसेल असे.

"लिही त्याला. ये म्हणावं. सफरचंदं उतरवायची आहेत, माणूस कमी पडतोय."

आणि ते निघून गेले. आमच्या घरी सफरचंदाची झाडं होती दोन.

लेम आला तेव्हा बाबा ऐरणीपाशी होते. हा भट्टीच्या दारात पिशवी घेऊन उभा, नऊ वर्षांनी. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "उजेडात उभा राहा." लेम एक पाऊल बाजूला सरकला. बाबांनी त्याला बघून घेतलं. "बारीक झालास," म्हणाले. बस्स. पण त्या दिवशी भट्टी भर दुपारी बंद झाली, आणि असं आईच्या मातीनंतर पहिल्यांदाच झालं.

डुकराची मांडी भाजली होती, मक्याची भाकरी, सफरचंदाचा मुरंबा. लेम सांगत होता की चित्र घेताना तोंडाला पिवळा रंग फासतात.

"पिवळा?" बाबा म्हणाले. "बायकांसारखा?"

"बाबा, त्याने पडद्यावर माणसासारखं दिसतं."

"अजून दिसत नाही," बाबा म्हणाले, आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. लेम हसता हसता रडला. आईच्या थडग्यावर दोघं मिळून गेले, मी मागे राहिले.

मग तो कॅलिफोर्नियाला गेला आणि वीस वर्षं तिथे राहिला. नायक तो कधीच झाला नाही. तो मोतद्दार, तो शेरीफ, तो चांगल्या मनाचा दारुडा. दोनशेच्या आसपास चित्रं असतील, त्यातली निम्मी कुठल्या कुठल्या गोदामात जळून गेली म्हणतात. दाराशी संत्र्याची झाडं असलेलं घर झालं. पुढे चित्रात नावंही देऊ लागले, तेव्हा रीमरने 'लेम्युएल टॅकेट' ही अक्षरं आली की खेळ थांबवायचा आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या असा नियमच केला. त्याची दुसरी कंपनी चांगली निघाली, तिथे कागदवाला नव्हता. पुन्हा आमच्यासाठी एखादा शब्द येऊ लागला. दर दोन वर्षांनी सफरचंदांच्या वेळेला तो घरी यायचा. एकोणीसशे वीसमध्ये बाबा गेले, तेव्हा तो वेळेवर पोचला. माती त्याने लोटली. याबद्दल मी देवाची जन्मभर ऋणी आहे.

मग बोलती चित्रं आली. तोंड बोलू लागलं आणि माझं वाचायचं संपलं. ध्वनी पकडायचं यंत्र फुलदाणीत लपवत, आणि सगळे नट माना वळवून त्या फुलदाणीशी बोलत. लेमचा आवाज चांगला होता, असं सगळे सांगतात. पण त्याला म्हणाले, तुमचा चेहरा फार हलतो, आता एवढ्याची गरज नाही. तो काही भांडला नाही. एकतीस साली सामान बांधून आला, तो वरच्या खोलीत राहतो. लोक हळहळतात. तो म्हणतो, "मला लहानपणी एका बहिरीने धंदा शिकवला, त्यावर वीस वर्षं पोट भरलं. अजून काय पाहिजे?" आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतो, मला दिसत असलं तरी.

पण खरी गोष्ट सांगायची राहिलीच. बाबा असतानाची, एकोणीसशे सतराच्या वसंतातली.

त्या पहिल्या शनिवारनंतर बाबा लेमचं एकही चित्र चुकवत नव्हते. तीच खुर्ची, सगळ्यांत पुढे, डोक्यावर तीच काळी टोपी. मागच्यांना निम्मी चादर दिसायची नाही, पण ब्रदर टॅकेटला सांगणार कोण? मी गंमत म्हणून लेमला ते लिहिलं होतं. मग एका शनिवारी दुकानात मी माझ्याच चष्म्यावर बसले, आणि त्याशिवाय लांबचं मला तोवर दिसेनासं झालं होतं. गेले तशीच. समोर नुसतं पिठासारखं पांढरं हलत होतं. मी बाबांच्या कानाशी, म्हणजे सवयीने, म्हटलं, "आज मला काही दिसत नाही हो."

बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते चादरीकडे बघत होते. एकदम गालात हसले, हात वर केला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मागच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते मला बाकातून कळलं.

"काय झालं, बाबा?"

ते माझ्याकडे वळले. एवढ्या जवळचं मला दिसत होतं. "तो शेरीफ म्हणतोय, 'बाबा, टोपी काढा, मागच्यांना दिसत नाही.' तू लिहिलंस वाटतं चहाडी करून?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं घणाखाली कोणाचे कान राहतात, पोरी? तुझ्या पाठोपाठ माझेही गेले. तोंड बघूनच नाल ठोकत आलोय."

उजेडात उभा राहून बोल! "मग सांगितलं का नाहीत कधी?"

"घरात एक बहिरं पुरे होतं. तुझ्या आईला आणखी काळजी कशाला?"

आणि मग मला ते आठवलं. "बाबा. तो पहिला शनिवार. तो मोतद्दार झाला होता..."

"बाईसाहेब, घोडा तयार आहे," बाबा म्हणाले. "तीनदा म्हणाला."

"मग तुम्ही ये म्हणालात ते?"

बाबांनी टोपीची कड बोटांनी फिरवली. "तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून लोकांच्या तोंडचं जसंच्या तसं सांगत आलीस. माझ्याबद्दलचं वाईटसुद्धा. एकदा खोटं बोलली नाहीस. त्या दिवशी माझ्या तोंडावर बोललीस. म्हटलं, एनस, काय वेळ आणलीस रे पोरीवर."

मी त्यांचा हात धरला. लोखंडासारखा हात, तो त्यांनी काढून घेतला नाही. चादरीवर काहीतरी पांढरं अजून हलत होतं, शेरीफ असावा.

"आता काय म्हणतोय?" मी विचारलं.

बाबांनी नीट बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणतोय, ओडीला सांगा, मी जेवलो."

लेम खरंच तसं म्हणाला होता, की बाबांनी पदरचं घातलं, मला ठाऊक नाही. लेम इथेच वर राहतो, केव्हाही विचारता येईल. मी अजून विचारलेलं नाही.